होलोकॉस्ट शिकवायला शिक्षक कसे तयार करावेत? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नाझी राजवटीतला ज्यूंचा संहार (होलोकॉस्ट), इतर वंशसंहार आणि सामाजिक न्याय हे विषय शाळेत नीट शिकवता यावेत म्हणून शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी, याबद्दल गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या अध्यापक महाविद्यालयात आठवी ते दहावीच्या तीस शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. मागे एकदा एक व्याख्यान आणि एक चित्रपट असं केलं होतं. सगळे हळहळले आणि घरी गेले. या वेळी आखणी कशी करावी?
— प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : व्याख्यान अर्ध्या तासावर आणा आणि चित्रपट काढूनच टाका. हळहळ वाटायला लावणं सोपं आहे, पण सोमवारी वर्गात उभं राहून काय विचारायचं, ते शिक्षकाला त्यातून मिळत नाही. चहा-जेवण वगळता दोन दिवसांत जेमतेम दहा तास हाती लागतात. त्यातले निदान चार तास १९३३ ते १९३९ या वर्षांना द्या. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. हिटलर सत्तेवर कसा आला हे पाच मिनिटांत उरकतात आणि उरलेला वेळ छळछावण्यांवर जातो. मग डोक्यात एवढंच राहतं, की एक माथेफिरू आला आणि ६० लाख ज्यूंना मारून गेला. शिकवण्याजोगं सगळं या दोन टोकांच्या मधे आहे.

सुरुवात चिठ्ठ्यांनी करा. प्रत्येकानं नाव न घालता दोन ओळी लिहायच्या : या विषयातलं मला काय ठाऊक आहे, आणि मुलांच्या कुठल्या प्रश्नाची मला धास्ती वाटते. चिठ्ठ्या फळ्यावर गटागटानं लावा. तीन ढीग हमखास होतात : ‘हिटलर चांगला होता का?’, ‘आपल्याकडेही हेच आहे का?’ आणि ‘पालक भांडायला आले तर?’ सर्वात मोठ्या ढिगाला दुसऱ्या दिवशी सकाळचा वेळ द्या.

त्यानंतर दीड तासाचं कार्डांचं काम. पाच-पाच जणांचे सहा गट करा. आठ जण केले की तिघं नुसते बघत बसतात. प्रत्येक गटाला बारा कार्डांचा एक संच. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, पुढे घटना, मागे तारीख. कार्डं अशी : ज्यूंच्या दुकानांवर एक दिवसाचा बहिष्कार (१ एप्रिल १९३३). ज्यू शिक्षक, न्यायाधीश, कर्मचारी सरकारी नोकरीतून बाहेर (७ एप्रिल १९३३). शाळा-महाविद्यालयांत ज्यूंच्या नव्या प्रवेशांना दीड टक्क्याची मर्यादा (२५ एप्रिल १९३३). न्यूरेंबर्ग कायदे, म्हणजे नागरिकत्व गेलं आणि ज्यू-जर्मन विवाहांना बंदी (१५ सप्टेंबर १९३५). ज्यू पुरुषांच्या नावात ‘इस्रायल’, बायकांच्या नावात ‘सारा’ जोडण्याची सक्ती (ऑगस्ट १९३८). ज्यूंच्या पासपोर्टवर ‘जे’चा (म्हणजे ज्यू) शिक्का (ऑक्टोबर १९३८). सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली, दुकानं फोडली, तीसेक हजार पुरुष अटकेत (९-१० नोव्हेंबर १९३८). त्याच नासधुशीपायी ज्यूंनाच १०० कोटी मार्कांचा दंड (१२ नोव्हेंबर १९३८). ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं (१५ नोव्हेंबर १९३८). सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूच्या कपड्यावर पिवळा तारा (सप्टेंबर १९४१). जर्मनीतल्या ज्यूंना आगगाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवायला सुरुवात (ऑक्टोबर १९४१). ज्यूंना घरात पाळीव प्राणी ठेवायला बंदी (मे १९४२).

तारखा न बघता कार्डं क्रमानं लावायला वीस मिनिटं द्या. पाळीव प्राण्यांचं कार्ड गट सहसा सुरुवातीकडे लावतात, कारण ती बंदी किरकोळ वाटते. कार्ड उलटलं की दिसतं, माणसांच्या गाड्या मृत्यूकडे निघाल्या होत्या तेव्हा कुठल्याशा कचेरीत मांजर-कुत्र्यांबद्दलचा आदेश टंकलिखित होत होता. इथे थोडा वेळ कुणी बोललं नाही तरी चालेल, पण प्रशिक्षकानं लगेच भाष्य करू नये.

पुढची चाळीस मिनिटं खरी कामाची. प्रत्येक कार्डासाठी चार प्रश्न : यादी कुणी केली? सही कुणी केली? निरोप कुणी पोचवला? फायदा कुणाला झाला? काढून टाकलेल्या शिक्षकाच्या जागी कुणीतरी रुजू झालं. दीड टक्का मोजायला शाळेच्या कारकुनानं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं असणार. हे शिक्षकांना चटकन भिडतं, कारण ते रजिस्टर त्यांच्या रोजच्या हाताखालचं आहे.

या कामात दोन ठिकाणी घोळ होतो. एक, गट ‘सर्वात क्रूर कार्ड कोणतं’ यावर वाद घालू लागतो. तो तिथेच थांबवा, त्यातून काही निघत नाही. दुसरं, कुणीतरी म्हणतंच, ‘लोक काय करणार? बोलले असते तर मेले असते.’ यावर पुरावा जवळ ठेवा. ३ ऑगस्ट १९४१ रोजी जर्मन बिशप फॉन गालेन यांनी नाझी सरकार करत असलेल्या अपंगांच्या हत्यांविरुद्ध चर्चमधून जाहीर प्रवचन दिलं. लोकांमधली कुरबुर वाढली आणि त्याच महिन्यात हिटलरला ती केंद्रीय मोहीम थांबवावी लागली. हत्या पुढे गुपचूप चालूच राहिल्या, हेही त्याच दमात सांगा. डेन्मार्कमध्ये ऑक्टोबर १९४३ मध्ये सामान्य लोकांनी मासेमारीच्या बोटींमधून सात हजारांहून अधिक ज्यूंना स्वीडनला पोचवलं. ही उदाहरणं थोडी आहेत आणि थोडी आहेत म्हणूनच सांगायची. यांनीच तास भरून काढला, तर सगळा इतिहास शूरवीरांचा होऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी वंशसंहाराची व्याख्या आणि आफ्रिकेतल्या रवांडातला १९९४चा संहार यांना मिळून दीड तास पुरतो. दुपार पूर्ण सूक्ष्म अध्यापनाला ठेवा : प्रत्येक गटानं पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं आणि चिठ्ठ्यांमधले धास्तीचे प्रश्न खरोखर विचारायचे. हा भाग वेळेअभावी गाळला जातो आणि मग प्रशिक्षण कागदावरच राहतं.

प्रश्न : नववीत नाझीवाद शिकवताना मुलं सरळ म्हणतात, “काहून सर, हिटलरनं देश सुधरवला ना? असाच माणूस पाहिजे.” रागावलो तर गप्प बसतात, पण मत बदलत नाही. काय करावं?
— शिक्षक, कामठी

उत्तर : रागावू नका. हे मत मुलांनी घरातून, मोबाईलवरून आणि रस्त्यावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवरून उचललेलं असतं. ‘सुधरवला’ म्हणजे नेमकं काय केलं, ते फळ्यावर लिहून घ्या. शिस्त, रोजगार, रस्ते आणि ‘इंग्रजांना नडला’ एवढंच निघतं. मग एकेक तपासा.

रोजगार : १९३३च्या सुरुवातीला जर्मनीत ६० लाखांच्या आसपास बेकार होते आणि पुढे आकडा झपाट्यानं खाली आला, हे खरं आहे. कसा आला? बायकांनी नोकरी सोडली तर लग्नासाठी कर्ज मिळू लागलं, म्हणजे त्या हिशेबातून गेल्या. नोकरीवरून काढलेले ज्यूही गेले. १९३५ पासून सक्तीची लष्करभरती आली. कर्ज काढून शस्त्रं बनवणारे कारखाने जोरात सुरू झाले आणि ती शस्त्रं १९३९ मध्ये वापरली गेली. १९४५चं उद्ध्वस्त बर्लिन दाखवलं की सुधारणेचा ताळेबंद पुरा होतो.

‘इंग्रजांना नडला’ हा मुद्दा खोलवर रुजलेला आहे, कारण त्याला नेताजींचा आधार आहे. नेताजी २९ मे १९४२ रोजी बर्लिनमध्ये हिटलरला भेटले. भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा त्यांना हवी होती, ती मिळाली नाही. हिटलरनं स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की भारत इतर कुणापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात असलेला त्याला बरा. नोव्हेंबर १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटायला गेले, तेव्हा गांधींना गोळी घाला असा सल्ला त्यानं दिला. हे हॅलिफॅक्स १९२६ ते १९३१ या काळात लॉर्ड आयर्विन या नावानं भारताचे व्हाइसरॉय होते. नववीच्या मुलाला आयर्विन हे नाव गांधींबरोबरच्या करारामुळे माहीत असतं, त्यामुळे हा मुद्दा नेम धरून लागतो.

एका तासात मत बदलेल असं धरून चालू नका. मुलांना स्वतःच्या यादीतलं एक कलम खोडावंसं वाटलं तरी तास कारणी लागला.

प्रश्न : आपला स्वस्तिक आणि नाझींचा स्वस्तिक याबद्दल पालकांची तक्रार आली. आधीच सांगून ठेवावं का?
— मुख्याध्यापिका, उमरेड

उत्तर : हो, पहिल्या पाच मिनिटांतच. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेतलं मंगलचिन्ह हजारो वर्षांचं आहे. नाझी पक्षानं आपलं चिन्ह १९२० मध्ये घेतलं : लाल झेंडा, पांढरं वर्तुळ आणि त्यात ४५ अंशांत कललेलं काळं चिन्ह. युरोपात ते दिसलं की लोक का दचकतात हे सांगा, आणि आपल्या उंबरठ्यावरच्या रांगोळीशी त्याचा संबंध नाही हेही सांगा. एवढं पुरतं. फलकलेखनात मात्र नाझी झेंडा रंगीत खडूंनी काढू नका. त्याचा फोटो समूहावर फिरतो आणि संदर्भ कुणी विचारत नाही.

प्रश्न : कोणत्या वयाला कोणते फोटो, कोणत्या चित्रफिती दाखवाव्यात? मुलांना अनुभव यावा म्हणून काही जण वर्गात ज्यू आणि नाझी असे गट करतात. ते योग्य आहे का?
— इतिहास शिक्षक, हिंगणा

उत्तर : गट करणं पूर्ण बंद करा. अंधाऱ्या खोलीत कोंडणं, छातीवर तारे चिकटवणं, ‘तुम्ही पहारेकरी, तुम्ही कैदी’ हे प्रकार करू नका. दहा मिनिटांत मुलं हसू लागतात किंवा एखादं खरंच घाबरतं. दोन्हीकडे शिकण्यासारखं काही उरत नाही, आणि त्या माणसांनी जे भोगलं ते आपण खेळून पाहिलं असा गैरसमज मात्र पक्का होतो. साठ लाख दाणे किंवा आगपेटीच्या काड्या मोजण्याचा उपक्रमही टाळा. त्यात माणूस पुन्हा आकडाच होतो.

प्रेतांच्या ढिगांचे फोटो आठवीच्या खाली दाखवू नयेत, आणि वरही सहसा गरज पडत नाही. एका तासिकेत एकच फोटो, दहा मिनिटं. पहिला प्रश्न : कॅमेरा कुणाच्या हातात आहे? घेट्टोंचे (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांचे) आणि गोळीबारांचे पुष्कळ फोटो मारणाऱ्यांच्या बाजूनंच काढलेले आहेत. ते कळलं की बघण्याची दिशा बदलते. व्हॉट्सॅपवर आलेला फोटो वापरू नका, त्यात चित्रपटांतली दृश्यं मिसळलेली असतात. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय आणि जेरुसलेमचं याद वाशेम हे स्मारक यांच्या संकेतस्थळांवर फोटोखाली ठिकाण आणि तारीख दिलेली असते. तो मजकूर मराठीत करून घ्या. साक्षीदाराची चित्रफीत सहा ते आठ मिनिटांची पुरे. मराठी संहिता आधीच वाटा, नाहीतर निम्मा वर्ग इंग्रजी उच्चारांतच अडकतो.

फोटोंपेक्षा वस्तूंवरून शिकवणं सोपं जातं, असं आमचं ठाम मत आहे. वॉर्सा घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकारानं एक गुप्त दफ्तर उभं केलं. त्यांनी स्वतः शाळेत इतिहास शिकवला होता. त्यांच्या साथीदारांनी शाळकरी मुलांचे निबंध, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, भिंतीवरची सरकारी फर्मानं, अगदी खाऊच्या गोळ्यांचे वेष्टनकागदसुद्धा जमवले. ऑगस्ट १९४२ मध्ये एका शिक्षकानं दोन माजी विद्यार्थ्यांसह पहिला भाग पत्र्याच्या दहा पेट्यांत घालून शाळेच्या तळघरात पुरला. पुढचा भाग फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन कॅनमध्ये घातला. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, कॅन १९५० मध्ये. पेट्यांत पाणी शिरलं होतं, कॅनमधले कागद बरेच सुस्थितीत होते. तिसरा भाग अजून मिळालेला नाही. आता मुलांना विचारा : तुमच्या वस्तीची एक पेटी पुरायची तर त्यात कोणते दहा कागद घालाल? उत्तरांमध्ये विजेचं बिल, जातीचा दाखला, हळदी-कुंकवाचं निमंत्रण असं काय काय येतं. नववीच्या वर्गाला यावर दोन तासिका सहज लागतात.

तासाची शेवटची सात मिनिटं मोकळी ठेवा. मुलांना त्या विषयातून बाहेर काढून मगच घंटा होऊ द्या. मधल्या सुट्टीच्या आधीची तासिका घेऊ नका. कुणी हसलं तर लगेच झापू नका, अवघडलेपणातूनही हसू येतं.

प्रश्न : सामाजिक न्यायाकडे वळलो की वर्गात जातीचा विषय निघतो आणि वातावरण तापतं. अस्पृश्यतेला वंशसंहार म्हणायचं का? आणि दोन्हींची तुलना करायची की नाही?
— शिक्षिका, उत्तर नागपूर. याच आशयाचं एक पत्र रामटेकहून

उत्तर : आधी व्याख्या. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूनं केलेली पाच कृत्यं त्यात येतात : ठार मारणं, गंभीर शारीरिक वा मानसिक इजा, जगणं अशक्य होईल अशी परिस्थिती लादणं, जन्म रोखणं आणि मुलं हिरावून दुसऱ्या गटाला देणं. कळीचा शब्द ‘हेतू’. भारतानं हा करार १९५९ मध्ये मान्य केला, पण आपल्या फौजदारी कायद्यात वंशसंहार हा वेगळा गुन्हा नाही.

आता नागपूरचंच उदाहरण घ्या. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळ अधिवेशनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मेले. सीताबर्डीतलं स्मारक मुलांनी पाहिलेलं असतं. ही भीषण दुर्घटना होती, तिच्यात प्रशासनाला विचारण्यासारखे प्रश्न आहेत, पण ती वंशसंहार नाही. एखाद्या घटनेला हा शब्द लागू न होणं म्हणजे तिचं दुःख हलकं ठरवणं नव्हे, हे शिक्षकाला स्पष्ट बोलता आलं पाहिजे. अस्पृश्यता ही शतकानुशतकं टिकवलेली अन्यायाची व्यवस्था आहे. संविधानाचा अनुच्छेद १७ आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तिच्याशी भिडतात. तिला तिच्याच नावानं शिकवा.

कुणाचं दुःख मोठं अशी तुलना करू नका. यंत्रणेची तुलना मात्र जरूर करा. न्यूरेंबर्ग कायद्यांनुसार ज्याचे तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू, तो ज्यू. त्यानं स्वतः बाप्तिस्मा घेतलेला असला तरी. रवांडात बेल्जियन राजवटीनं १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू किंवा तुत्सी (तिथले दोन मोठे गट) असं नोंदवलं. १९९४ मध्ये रस्तोरस्ती तीच कार्डं तपासून शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरवला आणि पोलिसांत हजेरी लावायला लावली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण विदर्भातल्या पारध्यांमागचा शिक्का अजून पुसलेला नाही. तिन्हींत जन्मावरून नोंद आहे. परिणाम तीन वेगळे झाले. ते वेगळे का झाले, यावर दहावीचा वर्ग चांगला बोलतो.

एक नियम मोडू नका : दलित, आदिवासी, मुस्लिम किंवा भटक्या समाजातल्या मुलाला ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभं करायचं नाही. त्याला बोलायचं असेल तर ते आपणहून बोलेल. आडनावावरून नजर वळणं हेसुद्धा उभं करणंच झालं. प्रशिक्षणात हे शिक्षकांच्या बाबतीतही पाळा.

दीक्षाभूमीची भेट ठेवायची असेल तर दसऱ्याच्या आसपास नको, गर्दीत मुलांशी बोलणं होत नाही. जानेवारीतली एखादी सकाळ बरी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या घटनेवर मुलांनी आधी घरच्या वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न विचारून यायचं. ज्या घरात कुणी काही बोलत नाही, तीही नोंदच.

प्रश्न : कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती. होलोकॉस्टचं महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणून ते सांगतो. बरोबर ना?
— शिक्षक, काटोल

उत्तर : नाही, आणि ही गफलत फार पसरलेली आहे. वळिवड्याला आलेले बहुसंख्य पोलिश कॅथलिक होते. त्यांना १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केलं होतं. तिथून सुटून ते इराणमार्गे भारतात आले. नवानगरच्या (आताचं जामनगर) जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिलेल्या पोलिश मुलांची कथाही त्याच हद्दपारीची. निर्वासितांच्या धड्यात ही उदाहरणं उत्तम बसतात, तिथे जरूर घ्या.

होलोकॉस्टशी थेट धागा हवा असेल तर नाझींपासून पळून मुंबईला आलेल्या मध्य युरोपातल्या ज्यूंचा घ्या. संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आले. आकाशवाणीची ओळखधून त्यांच्या नावावर आहे. मुलांना ती ऐकवा, आजी-आजोबांना लगेच ओळखू येईल. पुढे युद्ध पेटल्यावर अशा निर्वासितांपैकी काहींना इंग्रजांनी ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नजरकैदेत टाकलं, हा भागही वगळू नका.

प्रश्न : प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्र मिळतं, शाळेत काहीच होत नाही. पाठपुरावा कसा करायचा? अभ्यासक्रमात तर जागाच नाही.
— केंद्रप्रमुख, नागपूर ग्रामीण

उत्तर : जागा शोधावी लागते. दहावीच्या इतिहासातला प्रसारमाध्यमांचा पाठ घ्या : १९३३ मध्ये नाझी सरकारनं ७६ मार्कांत स्वस्त रेडिओ बाजारात आणला, आणि रवांडात रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळं’ म्हटलं जात होतं. दोन तासिका झाल्या. परिपाठासाठी २६ नोव्हेंबर (संविधान दिन), ९ डिसेंबर आणि २७ जानेवारी या तारखा आहेत. ऑशविट्झची छावणी २७ जानेवारी १९४५ रोजी मुक्त झाली. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी हजेरी कमी असते, म्हणून तास २८ तारखेला घ्या. डिसेंबरात शहरात अधिवेशन असतं, मोर्चे आणि बंद रस्ते यांत शिक्षकांना बोलावू नका.

प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी देऊ नका. सहा आठवड्यांनी, एक पाठ प्रत्यक्ष घेऊन त्याचं टाचण आणि मुलांच्या पाच वह्यांची छायाचित्रं आणल्यावर द्या. मुख्याध्यापकांना प्रशिक्षणापूर्वीच एक पानाचं पत्र पाठवा : विषय, तासिकांच्या तारखा, दाखवायचे फोटो. तेच पत्र शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवलं की पालकांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पाठाचं निरीक्षण करताना शिक्षक किती छान बोलले ते लिहू नका. मुलांनी स्वतःहून किती प्रश्न विचारले ते मोजा, आणि त्यातले ‘कुणी’ आणि ‘कसं’ यांनी सुरू होणारे किती ते वेगळे लिहा. पुढच्या शिक्षण परिषदेत तो कागद घेऊन बसा. ज्या शाळेचा आकडा शून्य आला, तिथे पुन्हा परिपत्रक पाठवण्याऐवजी कार्डांचा संच घेऊन स्वतः जा.